पाहुणे गाडीत आहेत

आमच्या घरात बंदुकीला बंदूक म्हणायची सोय नव्हती. माझा नवरा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाला, दुनळी बंदुकीचा परवाना काढला आणि गिरगावातल्या एका सराफाच्या पेढीवर बंदूकधारी रखवालदार म्हणून लागला. बंदूक स्वतःची, परवाना स्वतःच्या नावावर. सकाळी ती कापडी गवसणीत घालून, खांद्याला लावून निघायचा आणि संध्याकाळी तशीच परत आणायचा. पहिल्यांदा ती घरात आली तेव्हा सासूबाईंनी दारातच अडवलं. "तेचा नाव घरात घेव नको, पावणो म्हण तेका," असं मालवणीत फर्मान निघालं. सासूबाईंच्या फर्मानावर अपील नसायचं.

झालं, तेव्हापासून तो आमचा पाहुणा. पुढे आदरार्थी बहुवचन लागून पाहुणे. "पाहुण्यांना कुलूप घातलं का?" "आज सुट्टी आहे, पाहुण्यांना तेल लावतो." असली वाक्यं आमच्याकडे रोजची. तेव्हा आम्ही लालबागच्या चाळीत होतो, भिंतींना कान होते आणि गॅलरीला तर होतेच होते. समोरच्या खोलीतली बाई एकदा मला बाजूला घेऊन म्हणाली, तुमचे पाहुणे काही हलायचं नाव घेत नाहीत, निदान खर्चाला तरी हातभार लावतात का? मी म्हटलं, अहो, तेच तर घर चालवतात. ती बिचारी बराच काळ माझी कीव करत राहिली. पुढे चाळ पडली, तिथे टॉवर झाला, सासूबाई गेल्या, पण शब्द काही गेला नाही. आमच्याबरोबर तोही लिफ्टने वर आला.

खरं तर माझ्यासारख्या बाईने असला शब्द खपवून घ्यायला नको होता. मी परळच्या इस्पितळात नर्स होते, शेवटी शेवटी वॉर्डची सिस्टर. बाटलीवर नाव नसेल तर ती बाटली मी बेसिनमध्ये ओतायची. घातक औषधांच्या कपाटाची चावी आमच्या कमरेला असायची. एकदा नव्या पोरीने ती चावी टेबलावर ठेवली आणि जेवायला गेली, तर मी तिला सगळ्या वॉर्डादेखत फैलावर घेतलं. ती रडत म्हणाली, सिस्टर, चोरी तर झाली नाही ना? मी म्हटलं, चोर आला नाही ही चोराची कृपा, त्यात तुझं काय? माझा आवाज तेव्हाही मोठा होता, आजही आहे. शेजारीपाजारी सांगतील.

आता जावयांबद्दल. माणूस पुण्याचा. बोलणं स्वच्छ, वागणं त्याहून स्वच्छ. सासुरवाडीला आले की ताटात पडेल ते मुकाट खायचे, तिखटाने डोळ्यांत पाणी आलं तरी "छान झालंय, आई" म्हणायचे. सासरे बंदूक घेऊन कामाला जातात हे त्यांना माहीत होतं. पण आमच्या घरातला शब्द त्यांना कुणी सांगितलाच नव्हता. लेक त्या शब्दातच लहानाची मोठी झाली, तिला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही. आणि जावई आमच्याकडे यायचे ते गणपतीत नाहीतर शिमग्याला, तेव्हा घर गावाकडच्या खऱ्या पाहुण्यांनी भरलेलं असायचं. कुणी "पाहुणे आत आहेत" म्हटलं की ते आपले पाय न वाजवता चालायचे. किती गुणी जावई, असं मला वाटायचं. गुणी होतेच, अजून आहेत.

लेकीचं डोहाळजेवण ठरलं आणि हिरवी साडी घ्यायला आम्ही सगळे हिंदमाताला गेलो. लेक, जावई आणि मी गाडीने. गाडी जावयांची, नवीकोरी. दुकानामागच्या गल्लीत ती लावली. नवरा पेढीवरून अर्धी रजा टाकून गिरगावातून बसने थेट तिथे आला. खांद्याला गवसणी. जावई तेव्हा लेकीच्या गोळ्या आणायला औषधांच्या दुकानात गेले होते, म्हणून ही खांद्यावरची गवसणी त्यांनी पाहिलीच नाही.

साडीच्या दुकानाच्या दाराशी एक रखवालदार होता. त्याने नवऱ्याला अदबीने सांगितलं की हत्यार आत चालणार नाही, बायाबापड्या घाबरतात. बरोबरच बोलला तो. घर जवळ होतं. टॅक्सी केली असती तर लालबागला जाऊन, पाहुण्यांना कपाटात कुलूपबंद करून नवरा चहा थंड व्हायच्या आत परत आला असता. पण आत गादीवर साड्यांचा ढीग पडला होता, लेकीचे पाय सुजले होते, ती दोनदा "बाबा, या ना" म्हणाली होती. नवऱ्याने तिच्या पर्समधून गाडीची चावी घेतली. गल्लीत जाऊन गवसणी मागच्या सीटखाली आडवी ठेवली, गाडीत एक जुनी चादर होती ती वरून पसरली, कुलूप लावून दार ओढून बघितलं आणि आत आला. काडतुसं मात्र गाडीत ठेवली नाहीत, ती कमरेच्या पट्ट्यातच होती. बंदूक आणि काडतुसं एकत्र ठेवायची नाहीत ही त्याची फौजेतली शिस्त. चावी त्याने लेकीच्या पर्समध्ये परत टाकली.

तेवढ्यात जावई गोळ्या घेऊन आले. लेकीची पाठ दुखत होती, तिने त्यांना गाडीतली उशी आणायला सांगितलं. ते चावी घेऊन निघाले, दारापर्यंत पोचले, आणि मला वाटलं यांना सांगायला हवं. मधे साड्या बघणाऱ्या बायकांची ही गर्दी. तिथे "बंदूक" असं ओरडले असते तर अर्ध्या बायका काउंटरखाली गेल्या असत्या. मी डोक्यांवरून आवाज दिला, "अहो, पाहुणे गाडीत आहेत, जरा नीट लक्ष ठेवा." त्यांनी मान डोलावली. उशी घेऊन आले. आम्ही पोपटी बघितली, शेवाळी बघितली, शेवटी काठावर बारीक बुट्टे असलेली गर्द हिरवी घेतली. लेकीच्या रंगाला ती खुलून दिसत होती आणि मी अगदी खुशीत होते.

गल्लीत आलो तर गाडीचं मागचं दार अर्धवट उघडं. चादर बाहेर लोंबत होती, सीटखाली काही नव्हतं. सीटवर मात्र पाण्याची सीलबंद बाटली आणि बिस्किटांचा पुडा, अगदी शिस्तीत मांडून ठेवलेला.

नवऱ्याने खाली वाकून हात फिरवला, पुन्हा फिरवला. मग मला म्हणाला, कुलूप मी लावलं होतं. जावयांनी आमच्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, "पाहुणे परत आलेच नाहीत का?"

हळूहळू सगळं बाहेर आलं. जावई उशी घ्यायला आले तेव्हा गाडीत त्यांना कुणी दिसलं नाही. त्यांना वाटलं, गावाकडचे कुणी म्हातारे गृहस्थ असतील, आतलं बटण दाबून, दार लोटून चहाला नाहीतर मुतारीकडे उतरले असतील. परत आले तर उन्हात ताटकळत उभं राहायला नको, म्हणून त्यांनी गाडीला कुलूप लावलंच नाही. वर पाहुणे तहानलेले असतील म्हणून कोपऱ्यावरून बाटली आणि बिस्किटं आणून ठेवली. सासुरवाडीच्या पाहुण्याची त्यांनी कशी बडदास्त ठेवली बघा. आता हे सांगताना मला हसू येतं, तेव्हा आलं नव्हतं.

पाहुणे म्हणजे काय हे लेकीने त्यांना तिथेच सांगितलं. जावयांनी वाकून स्वतः सीटखाली बघितलं. मग एकदम सरळ झाले, फुटपाथवर निखळून पडलेला एक पेव्हर ब्लॉक उचलला आणि गाडीच्या काचेसमोर उभे राहिले. म्हणाले, मी काच फोडतो. काच फुटलेली असली की सरळ चोरी दिसेल, बाबांचा निष्काळजीपणा दिसणार नाही. परवाना वाचेल, नोकरी वाचेल. नव्याकोऱ्या गाडीची काच हो, आणि माणूस एका पायावर तयार. आयुष्यात खोटं बोललेला नसेल असा तो, पण सासऱ्यासाठी उभा राहिला.

मी नवऱ्याकडे बघितलं. तो जावयांना नको म्हणत नव्हता. त्याची नजर त्या दगडावर होती. मी त्याच्याबरोबर जन्म काढलाय, ती नजर मला कळते. परवाना गेला तर पेढी गेली, आणि पेढी गेली तर या वयात काठी घेऊन गेटवर बसायचं, हे सगळं त्याला त्या दगडात दिसत होतं. मला वाईट वाटलं, खूप वाटलं. पण त्याच वेळी माझ्या डोळ्यांपुढे इस्पितळातला कॅज्युअल्टी वॉर्ड होता. गोळी लागलेली माणसं आणायचे ना तिथे, ती मी पाहिली होती. बंदूक कुणाच्या तरी हातात पडून रस्त्याने चालली होती आणि आम्ही काच फोडायचं नाटक बसवत होतो. माझं डोकं सणकलं.

"ठेवा तो दगड खाली," मी जावयांना म्हटलं. मग नवऱ्याकडे वळले. "बंदूक तुमची आहे. चला, आणि तुम्हीच बोला."

भर गल्लीत, मोठ्याने. इतक्या वर्षांत माझ्या तोंडून तो शब्द पहिल्यांदा निघाला. दोन माणसं वळून बघायला लागली. नवऱ्याने कमरेचा पट्टा चाचपला, काडतुसं जागेवर आहेत की नाही बघितलं, आणि पुढे होऊन चालायला लागला. फौजी माणसाला एकदा हुकूम मिळाला की चाल सुधारते. लेकीला मी टॅक्सीने घरी पाठवलं.

पोलीस ठाण्यात एक तरुण अधिकारी होते. बंदूक गाडीत कुणी ठेवली? मी, नवरा म्हणाला. गाडीला कुलूप होतं? मी लावलं होतं. मग उघडलं कुणी? जावई पुढे सरसावले, त्यांनी सगळं सांगायला सुरुवात केली, पाहुण्यांपासून बिस्किटांपर्यंत. शेजारच्या टेबलावरचा हवालदार तोंडावर रुमाल धरून बाहेर गेला, आणि साहेबांनाही पेन थांबवून खिडकीबाहेर बघावं लागलं. नवरा मात्र हसला नाही. त्याने जावयांच्या हातावर हात ठेवून त्यांना गप्प केलं. "साहेब, यांना बंदुकीचा पत्ताच नव्हता. राखायचं काम माझं होतं, ते मी सोडून साडी बघायला गेलो. असंच लिहा."

साहेबांनी तसंच लिहून घेतलं. मग पेन ठेवून म्हणाले, काका, खरं सांगू का, कुलूप असतं आणि काच फोडलेली असती तरी मी हेच लिहिलं असतं. परवाना तुमच्या नावावर आहे, गाडीच्या नाही. उभी करून ठेवलेली गाडी म्हणजे काही तिजोरी नव्हे. चोराचा गुन्हा चोराचा, पण हत्यार त्याच्या हाताला लागेल असं ठेवणं हे तुमच्याकडे. लगेच आलात हे चांगलं केलंत, त्याचा विचार होईल, पण परवान्याचं काही सांगता येत नाही. जावयांची मान खाली गेली. पेव्हर ब्लॉकची माती अजून त्यांच्या बोटांना होती.

परवाना आधी निलंबित झाला, मग गेलाच. पेढीवाल्यांनी चांगल्या शब्दांत निरोप दिला. नवरा आता परळला, जिथे गिरणी होती तिथल्या टॉवरच्या गेटवर बसतो. हातात काठी, गळ्यात शिट्टी. पहिले काही दिवस तो घरात बोलायचाच नाही. मी बोलायचे, दोघांच्या वाटचं. जावई तर फोनवर दर वेळी माफी मागायचे. शेवटी मी त्यांना झापलं, म्हटलं, आता पुन्हा माफी मागितलीत तर डोहाळजेवणाला बोलावणार नाही, बाहेर गाडीत बसवून ठेवीन. तेव्हा कुठे ते हसले. समारंभ झाला, हिरवी साडी लेकीला काय शोभली म्हणून सांगू. पुढे नात झाली, वजनाला छान, आवाज माझ्यावर गेलेला.

लोक विचारायचे, शेजारी विचारायचे, नातेवाईक गावाहून फोन करून विचारायचे. माझं उत्तर ठरलेलं होतं. "अहो, रिकामी होती. काडतुसं यांच्या कमरेला होती." असं ठणकावून सांगायचे की समोरचा पुढे विचारायचाच नाही. मला स्वतःलाही ते वाक्य औषधासारखं लागू पडलं होतं. टीव्हीवर कुठे गोळीबाराची बातमी लागली की नवरा आवाज वाढवून पुढे सरकून बसायचा, बंदूक कसली होती ते ऐकायला. मी आतून ओरडायचे, आपली रिकामी होती, जेवायला या. आणि तो यायचा.

मग एक दिवस फोन आला. कल्याणच्या पलीकडच्या एका पोलीस ठाण्यातून. बंदूक सापडली होती, ओळख पटवायला या म्हणाले. जावई पुण्याहून लेकीला आणि नातीला घेऊन गाडीने आले, मी येतेय की नाही असं कुणी विचारलं नाही, मी आधीच चप्पल घालून उभी होते.

टेबलावर ठेवलेली ती वस्तू मी ओळखली नसती. दोन्ही नळ्या करवतीने कापून हातभर केल्या होत्या. नवऱ्याने दस्त्यावरचा जुना टवका बघितला, नंबर बघितला आणि हो म्हणाला. तिथल्या अंमलदारांनी सांगितलं, दोघांनी मिळून ही घेऊन एका किराणा दुकानात लूट केली, पळताना सापडले. गोळी कुणी झाडली नाही, पकडली तेव्हा बंदूक रिकामीच होती. ऐकून माझ्या जिवात जीव आला. मी नवऱ्याला कोपराने ढोसलं, बघा, मी काय सांगत होते.

बाहेरच्या बाकावर एक माणूस बसला होता. आमच्याच वयाचा, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, शेजारी डबा. शिपायाने सांगितलं, हेच त्या दुकानाचे मालक, जबाबाला आलेत. चहाचा ग्लास त्याने दोन्ही हातांनी धरला होता. नवरा त्याच्याजवळ गेला, जरा अंतर ठेवून उभा राहिला. म्हणाला, ती बंदूक माझी होती, माझ्या हातून गेली, म्हणून तुम्हाला हे भोगावं लागलं. त्या माणसाने मान हलवली. तेवढ्यावर माझं भागेना. मी पुढे झाले आणि माझं नेहमीचं वाक्य सांगितलं, की भाऊ, ती रिकामी होती हो, काडतुसं यांच्याकडेच होती.

त्याने माझ्याकडे वर बघितलं. रागाने नव्हे, अगदी साधेपणाने. "ताई, ते तुम्हाला ठाऊक होतं. माझ्या छातीला लावली तेव्हा मला कुठे ठाऊक होतं?"

मग त्याने ग्लास बाकावर ठेवला. म्हणाला, माझी बायको मागे पोत्यांपाशी उभी होती, तिने बघितलं, ती अजून दुकानात पाऊल टाकत नाही. हेही त्याने तसंच सांगितलं. आणि नवऱ्याला विचारलं, "पण गाडीत का ठेवली होती?"

नवरा माझ्याकडे बघायला लागला, जावई जमिनीकडे. मला कधी शब्द कमी पडत नाहीत. वॉर्डात डॉक्टरांना पुरून उरलेली बाई मी. त्या दिवशी तोंड उघडलं आणि जे खरं होतं तेवढंच बाहेर आलं.

"साडी बघायला गेलो होतो," मी म्हटलं.

"असं होय," तो म्हणाला आणि त्याने डब्याची पिशवी उचलली, कारण आतून त्याला हाक आली होती.

आम्ही लालबागला परत आलो. घरी दारात लेक नातीला घेऊन उभी होती, तिने विचारलं, काय झालं, गोळी बिळी कुणाला लागली का? नवरा माझ्या उत्तराची वाट बघत चपला काढत राहिला. मी नातीला तिच्या हातातून घेतलं आणि आत गेले. रिकामी होती, असं मी त्यानंतर कुणालाही सांगितलेलं नाही.